‘मायोसिस’ : एका संज्ञेची दोन कुळे

जे. बी. फार्मर हे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि जे. ई. एस. मूर हे प्राणिशास्त्रज्ञ यांनी १९०५ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मायक्रोस्कोपिकल सायन्स’ या इंग्रजी नियतकालिकात एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. बीजपेशी तयार होताना केंद्रकाचे लागोपाठ दोनदा विभाजन होते आणि त्या अवधीत गुणसूत्रांची संख्या निम्मी होते, ही गोष्ट तोवर अनेकांच्या निरीक्षणात आली होती. मात्र या दोन विभाजनांना मिळून एक सर्वमान्य नाव नव्हते. वाल्थर फ्लेमिंगने १८८७ साली त्यांना ‘भिन्नरूपी’ आणि ‘समरूपी’ अशा अर्थाची दोन सुटी नावे दिली होती. जर्मन लेखक कधी ‘परिपक्वताविभाजन’ तर कधी ‘न्यूनीकरणविभाजन’ म्हणत. फार्मर आणि मूर यांनी दोन्ही विभाजनांतील सर्व स्थित्यंतरांना कवेत घेणारी एक संज्ञा सुचविली आणि ती वनस्पती व प्राणी या दोन्ही सृष्टींना सारखीच लागू केली. घट, उणेपण, कमी होणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ती घडविलेली होती. दोन घटनांना एक नाव देणे म्हणजे त्या एकाच घटनेचे दोन भाग आहेत असे प्रतिपादन करणे होय. त्या अर्थी निबंधातील सर्वांत महत्त्वाचा सिद्धान्त त्याच्या शीर्षकातच सामावलेला होता.

पण नाव घडविताना त्यांची एक चूक झाली. मूळ ग्रीक शब्दाच्या आरंभी ‘एइ’ हा संयुक्त स्वर आहे. त्यांनी तेथे ‘आइ’ लिहिला. इंग्रजी उच्चारात आणि म्हणून देवनागरी लेखनातही हा फरक दिसत नाही, दोन्ही रूपे ‘मायोसिस’च होतात, रोमन लिपीत मात्र तो उघडा पडतो. पुढच्या काही वर्षांत इतर लेखकांनी अक्षर दुरुस्त केले आणि आज सर्वत्र दुरुस्त रूपच चालते. मुद्दा नुसत्या शुद्धलेखनाचा असता तर त्याची नोंद घेण्याचे कारण नव्हते. परंतु ग्रीकमध्ये ‘आइ’ लिहिताच शब्दाची मुळी बदलते. ‘माइआ’ म्हणजे सुईण. सॉक्रेटिस आपल्या संवादपद्धतीला जे सुईणपण म्हणतो ते याच मुळीतले. प्रजोत्पादनाच्या पेशींना लावलेले नाव ‘उणे’ या धातूवरून घसरून क्षणभर सुईणीच्या घरात शिरले होते, आणि ते दोघांच्याही लक्षात आले नाही.

याच शब्दाला युरोपात दुसरे आणि फार जुने घर होते. ॲरिस्टॉटलच्या ‘ऱ्हेटरिक’मध्ये वस्तू वाढवून सांगणे आणि उणावून सांगणे ही वक्त्याच्या कामाची जोडी येते. पहिल्या शतकातील रोमन वक्तृत्वमीमांसक क्विन्टिलियन आपल्या ग्रंथाच्या आठव्या भागात ‘मायोसिस’ हा ग्रीक शब्द वापरतो, पण दोष म्हणून: वाक्यात काही कमी पडते आणि त्यामुळे ते भरीव होत नाही, अशी ती अवस्था. पुढे दोषाचा अलंकार झाला. १५८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी’ या ग्रंथात जॉर्ज पटनमने सर्व ग्रीक अलंकारांना घरगुती इंग्रजी टोपणनावे देण्याचा खटाटोप केला. तेथे ‘मायोसिस’ला ‘डिसेब्लर’, म्हणजे बळ काढून घेणारा, असे नाव मिळाले. पटनमची बहुतेक नावे टिकली नाहीत; ग्रीक नावेच शिल्लक राहिली. देशी परिभाषा घडविणाऱ्या प्रत्येक पिढीने या ग्रंथाचे भवितव्य एकदा डोळ्यांखालून घालावे असे आहे.

भारतीय काव्यशास्त्रातही हा प्रवास समांतर दिसतो. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात ‘न्यूनपद’ हा वाक्यदोष आहे: आवश्यक पद गाळले गेल्याने येणारे उणेपण. तेथेच मम्मट असेही मान्य करतो की, काही प्रसंगी हेच न्यूनत्व गुण ठरते; भावनेच्या भरात वक्त्याला वाक्य पुरे करता येत नाही तेव्हा अपुरेपणाच अर्थवाही होतो. विश्वनाथानेही ‘साहित्यदर्पणा’त हा अपवाद स्वीकारला आहे. क्विन्टिलियन आणि मम्मट यांच्यात सुमारे एक हजार वर्षांचे अंतर आहे आणि परस्परसंबंध काही नाही. तरीही उणेपण दोषांच्या यादीतून उठून गुणांच्या पंक्तीला बसते, ही हालचाल दोन्हीकडे घडली. पाश्चात्त्य अर्थाने जिला न्यूनोक्ती म्हणावे तिला मराठी अलंकारग्रंथांत अतिशयोक्तीइतके मानाचे पान मिळालेले नाही. मराठी बोलण्यात मात्र ती पदोपदी आहे. पंचपक्वान्नांच्या पंगतीला ‘दोन घास खाऊन जा’ म्हणणे, चौसोपी वाड्याला ‘गरिबाची झोपडी’ म्हणणे, उत्तम जमलेल्या कामाला ‘वाईट नाही’ म्हणणे, ही सारी न्यूनोक्तीच. शास्त्रात नाव नसले म्हणून व्यवहारात अडत नाही.

आता येथे समीक्षकाला मोह पडतो. १९६२ साली मॅक्स ब्लॅकच्या ‘मॉडेल्स अँड मेटाफर्स’ने विज्ञानातील प्रतिमाने आणि काव्यातील रूपके यांच्यातील भिंत पातळ केली, १९८३ साली जिलियन बीअरच्या ‘डार्विन्स प्लॉट्स’ने डार्विनच्या गद्यातील कथनव्यूह आणि व्हिक्टोरियन कादंबरी यांचे देणेघेणे उलगडून दाखविले. तेव्हापासून वैज्ञानिक संहितेत साहित्याच्या खुणा शोधणे हा समीक्षेचा एक प्रतिष्ठित व्यवसाय झाला आहे. ‘मायोसिस’ ही त्यासाठी तयार शिकार. अलंकारशास्त्रातील न्यूनोक्ती जीवशास्त्रात शिरली. बीजपेशी म्हणजे शरीराची न्यूनोक्ती. निम्मे सांगून उरलेले दुसऱ्यावर सोपविणारे वाक्य आणि निम्मी गुणसूत्रे घेऊन जोडीदाराची वाट पाहणारी पेशी यांची रचना एकच... असा एक निबंध सहज लिहून होईल, आणि तो वाचनीयही होईल.

तो खरा मात्र असणार नाही. त्याचा पुरावा १९०५ च्या त्या चुकलेल्या अक्षरातच आहे. इंग्रजी वक्तृत्वग्रंथांत हा शब्द सोळाव्या शतकापासून योग्य वर्णांनी लिहिलेला उपलब्ध होता. फार्मर आणि मूर यांनी तो तेथून उचलला असता तर अक्षर चुकण्याचे कारण नव्हते. त्यांना अलंकार आठवला नाही. त्यांना ‘कमी होणे’ या अर्थाचा एक ग्रीक शब्द हवा होता आणि तो त्यांनी काहीशा घाईने घडविला. म्हणजे येथे स्थलांतर नाही, दोन स्वतंत्र जन्म आहेत. एकाच मुळीवर दोन वेगळ्या काळी दोन फुटवे आले. नामसाम्यावरून नाते जुळविणे हे ज्योतिषाचे काम. इतिहासाला वाटेवरची पावले दाखवावी लागतात.

साम्यावर विसंबण्याचा धोका या दोघा शास्त्रज्ञांनी स्वतःही अनुभवला होता, हे येथे नोंदविण्याजोगे. १९०३ साली त्यांनी सी. ई. वॉकर यांच्यासह रॉयल सोसायटीपुढे एक निवेदन मांडले. कर्करोगाच्या पेशींतील काही विभाजने बीजपेशींतील न्यूनीकरणविभाजनांसारखी दिसतात, असे त्यात म्हटले होते. दिसण्यातले साम्य त्यांनी स्वरूपातले साम्य मानले. पुढच्या संशोधनात हे मत टिकले नाही.

मग विज्ञानाच्या संज्ञेत रूपक कार्यरत आहे असे केव्हा म्हणावे? एक कसोटी सुचते: त्या शब्दाने पाहणाऱ्याला काही दाखविले काय, किंवा काही पाहू दिले नाही काय? नाव पाहण्याच्या आधी येऊन नजरेला वळण लावीत असेल तर ते रूपक. नाव पाहून झाल्यावर चिकटविलेली चिठ्ठी असेल तर त्यात काव्य शोधू नये. ‘मायोसिस’ ही पुष्कळशी चिठ्ठी आहे. तिची थोरली बहीण ‘मायटॉसिस’ हिची गोष्ट मात्र वेगळी.

वाल्थर फ्लेमिंग १८७६ पासून जर्मनीतील कील विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक होता. सॅलमँडर या उभयचर प्राण्याच्या अळ्यांमधील पेशी त्याने अभ्यासासाठी निवडल्या, कारण त्या आकाराने मोठ्या आणि केंद्रके ठसठशीत. त्या काळात नव्यानेच हाती आलेल्या ॲनिलीन रंगांनी रंगविल्यावर केंद्रकातील काही द्रव्य गडद रंग शोषून घेई. त्या द्रव्याला त्याने ‘क्रोमॅटिन’, म्हणजे रंग घेणारे, असे नाव दिले, आणि त्याचे रासायनिक स्वरूप कळेपर्यंतच हा शब्द चालवावा असेही सांगून ठेवले. विभाजनाच्या वेळी या द्रव्याचे धागे बनतात, ते धागे उभे चिरले जातात आणि प्रत्येक धाग्याचे दोन अर्ध दोन टोकांकडे सरकतात, असे त्याने पाहिले. १८८२ साली लाइप्झिगहून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने या प्रक्रियेला ‘मिटोझे’ म्हटले. ग्रीक ‘मिटॉस’ म्हणजे धागा. त्यातही मागावर ताणून बसविलेला उभा धागा, मराठी विणकराच्या भाषेत ताणा. होमरच्या ‘इलियड’मध्ये हा शब्द विणणाऱ्या स्त्रीच्या उपमेत येतो.

हे नाव पाहून झाल्यावर दिलेले असले तरी त्याचे काम पुढे सुरू झाले. गोळी, कण, पट्टी, दांडी असे काहीही म्हणता आले असते. काही जणांनी म्हटलेही. ‘धागा’ म्हटल्याबरोबर लांबी हा गुण मध्यभागी आला. धाग्याला लांबी असते, लांबीवर क्रम असतो, आणि क्रमाने काही ओवता येते. फ्लेमिंगच्या ग्रंथानंतर वर्षभरातच, १८८३ मध्ये, विल्हेल्म रू याने असा प्रश्न केला की, केंद्रक सरळ मधोमध कापून दोन तुकडे करण्याऐवजी निसर्ग हा धागे ताणण्याचा आणि उभे चिरण्याचा एवढा द्राविडी प्राणायाम का करतो? त्याचे उत्तर असे: केंद्रकातील द्रव्य सर्वत्र एकसारखे नसून त्यात निरनिराळे गुण आहेत, ते धाग्याच्या लांबीवर एकापुढे एक मांडलेले असतील तर धागा उभा चिरल्यानेच प्रत्येक गुणाचा सारखा वाटा दोन्हीकडे जाईल. कोणतेही सूक्ष्मदर्शक त्या वेळी हे गुण दाखवू शकत नव्हते. मेंडेलचा १८६६ चा निबंध अजून ग्रंथालयांत पडून होता. त्याचे पुनर्दर्शन १९०० साली व्हायचे होते. रूचा तर्क उभा राहिला तो धाग्याच्या लांबीवर आणि तिच्या उभ्या चिरेवर. येथे रूपक सजावटीला आलेले नाही. ते अनुमानाचा एक टप्पा झाले आहे.

१८८८ मध्ये विल्हेल्म वाल्डेयर याने या धाग्यांना ‘क्रोमोसोम’, म्हणजे रंगाची काया, असे नाव दिले. आपला शब्द सोयीचा वाटला तर रुळेल, नाहीतर लवकर विस्मरणात जावो, अशा आशयाची त्याची टिप्पणी आहे. परिभाषाकारांत इतका निर्मम माणूस क्वचित सापडतो. शब्द रुळला, आणि त्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट झाली. जगभरच्या भाषांत आनुवंशिकतेच्या वाहकाला जे नाव पडले ते त्याच्या कार्यावरून नव्हे, रूपावरून नव्हे, तर माणसाने त्याच्यावर ओतलेल्या रंगावरून. जिवंत पेशीत गुणसूत्रांना स्वतःचा तसा काही रंग नसतो.

मराठीत या शब्दाला दोन प्रतिशब्द वावरले. ‘रंगसूत्र’ हा वाल्डेयरच्या रंगाला फ्लेमिंगचा धागा जोडतो, काया गाळतो. ‘गुणसूत्र’ हा रंगही गाळतो आणि कायाही. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांत स्थिरावलेला हा शब्द ‘क्रोमोसोम’चे भाषांतर मुळीच नाही. गुण आणि सूत्र यांचा असा समास करताच प्रत्यक्षात जे मांडले जाते ते १८८३ सालचे रूचे अनुमान: गुण धाग्यावर मांडलेले आहेत. ज्यांनी हा शब्द घडविला त्यांच्यापुढे रूचा निबंध होता असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे आनुवंशिकी विज्ञान सिद्ध होऊन उभे होते. पण युरोपीय संज्ञेत नसलेली संकल्पना देशी संज्ञेत नेमकी उतरली, हे खरे. भाषांतरात अर्थ गळतो असे म्हणण्याची रीत आहे. येथे तो मिळाला.

आणि तो सहज मिळाला याचे कारण जमीन तयार होती. संस्कृतात संततीला ‘तंतु’ म्हणण्याची प्रथा फार जुनी. तैत्तिरीय उपनिषदातील शीक्षावल्लीत गुरू निरोप घेणाऱ्या शिष्याला जो उपदेश करतो त्यात ‘प्रजातंतु’ हा समास येतो: वंश हा न तुटू द्यायचा धागा. गीतेच्या सातव्या अध्यायात सूत्रात ओवलेल्या मण्यांची प्रतिमा आहे. शिवाय ‘सूत्र’ म्हणजे थोडक्या अक्षरांत साठविलेला, भाष्याने उलगडायचा ग्रंथ. गुणसूत्रात लिहिलेला मजकूर, त्याचे वाचन, त्याची प्रत काढणे ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जीवशास्त्राची भाषा इंग्रजीत नवे रूपक म्हणून आली. ‘गुणसूत्र’ या मराठी शब्दात ती शक्यता आधीच निजलेली होती. अर्थात हे साम्य शब्दाच्या वापरकर्त्यांना जाणवते काय, हा निराळा प्रश्न. रोजच्या वापराने सूत्रातला दोरा झिजतोच.

झिजतो म्हणजे किती, याचे उदाहरण याच क्षेत्रातले. विभाजनाच्या वेळी पेशीत जी दोन टोकांना निमुळती आकृती दिसते तिला जर्मनांनी केंद्रकाची चाती म्हटले. धाग्यापाठोपाठ चाती येणे स्वाभाविकच होते. संस्कृतात चातीला ‘तर्कु’ म्हणतात आणि त्यावरून ‘तर्कुतंतू’ हा शब्द घडला. शालेय लिखाणात मात्र ‘तुर्कतंतू’ असे रूपही आढळते. उकार एका अक्षराने इकडचा तिकडे झाला, आणि सूत कातणारी चाती जाऊन पाठांतरापुरता एक अनोळखी तुर्क उरला. फार्मर आणि मूर यांच्याकडून ‘उणे’ची सुईण झाली होती, येथे तर्कूचा तुर्क झाला. फरक एवढाच की, तिकडची चूक काही वर्षांत दुरुस्त झाली.

‘मायटॉसिस’ आणि ‘मायोसिस’ या जोडीसाठी मराठीत दोन स्वतंत्र परंपरा दिसतात. एक ‘समविभाजन’ आणि ‘न्यूनीकरण’ अशी. दुसरी ‘सूत्री विभाजन’ आणि ‘अर्धसूत्री’ किंवा ‘अर्धगुणसूत्री विभाजन’ अशी. शालेय पाठ्यपुस्तकांमुळे दुसरी अधिक रुळली. पहिल्या जोडीचे मूळ ऑगस्ट वाइसमानपर्यंत जाते. फ्रायबुर्गचा हा प्राणिशास्त्रज्ञ डोळे अधू झाल्यामुळे सूक्ष्मदर्शक दूर ठेवून विचारांकडे वळला. १८८७ साली त्याने केवळ तर्काने असे सांगितले की, प्रत्येक पिढीत आईबापांचे आनुवंशिक द्रव्य एकत्र येत राहिले तर ते पिढीगणिक दुप्पट होत जाईल. तेव्हा बीजपेशी बनताना ते निम्मे करणारे एक विशेष विभाजन असलेच पाहिजे. त्याला त्याने न्यूनीकरणविभाजन म्हटले आणि नेहमीच्याला समविभाजन. म्हणजे पहिली मराठी जोडी ही न पाहता तर्काने सांगणाऱ्याची भाषा, दुसरी ही फ्लेमिंगसारख्या पाहणाऱ्याची. दोन परिभाषांमध्ये दोन ज्ञानमार्ग आहेत.

यांतला ‘अर्धसूत्री’ हा शब्द व्याकरणाच्या दृष्टीने विशेष लक्ष देण्यासारखा आहे. याचा विग्रह कसा करावा? सूत्रांची संख्या अर्धी झाली आहे असे, की प्रत्येक सूत्रच अर्धे झाले आहे असे? पहिला अर्थ शास्त्राला धरून आहे: मानवी शरीरपेशीत ४६ गुणसूत्रे असतात, बीजपेशीत २३ येतात, आणि ती प्रत्येक पूर्ण असते. समास मात्र दुसऱ्या अर्थाला अडवीत नाही. किंबहुना नवख्या वाचकाच्या मनात तोच आधी उभा राहतो. गंमत अशी की ही संदिग्धता केवळ मराठी नाही. १८९० च्या दशकात वाइसमानच्या भाकिताचा प्रत्यक्ष पडताळा घेऊ पाहणाऱ्या निरीक्षकांत वाद होता तो हाच: न्यूनीकरणात धागा आडवा तुटतो काय? हेकर, रूकर्ट आदी जर्मन संशोधकांना सूक्ष्म जलचर कवचधारींच्या अंड्यांमध्ये आडवी विभागणी दिसली होती. मग असे म्हटले गेले की, जो एक धागा आडवा तुटताना दिसतो तो वास्तविक टोकाला टोक जोडलेल्या दोन पूर्ण धाग्यांचा बनलेला आहे. तुटत काही नाही, जोडलेले सुटते. फार्मर आणि मूर याच टोकजोडणीच्या पक्षाचे होते. दुसरा पक्ष म्हणे की धागे शेजारी शेजारी, लांबीला लांबी लावून जोडले जातात. बेल्जियन संशोधक विनिवार्टर याने १९०० साली सशाच्या अंडाशयातील पेशींवरून या अवस्थांना बारीक फीत, जाड फीत, दुहेरी फीत अशा अर्थाची नावे दिली. ती आजही चालतात आणि शेजारजोडणीचा पक्षच अखेर खरा ठरला. ‘मायोसिस’ हा शब्द घडविणारे या शब्दाच्या अंतरंगाबाबत चुकले आणि शब्द टिकला. चिठ्ठीचा हा फायदा असतो; आतला माल बदलला तरी ती फाडावी लागत नाही. ‘अर्धसूत्री’ला ही सोय नाही. त्याने काहीतरी सांगण्याचे धाडस केले आहे, म्हणून त्याच्यावर चुकीचा आरोप होऊ शकतो. ‘अर्धगुणसूत्री’ने धाग्याच्या जागी गुणसूत्र हा सबंध घटक आणला, त्यामुळे संख्येचा बोध किंचित स्पष्ट होतो, संदिग्धता पुरती जात नाही.

नात्यांच्या भाषेबद्दल थोडे. विभाजनानंतरच्या पेशींना जर्मनमध्ये लेक म्हटले गेले, कारण त्या भाषेत पेशी हा शब्द स्त्रीलिंगी, फ्रेंचमध्येही तसेच. इंग्रजीत व्याकरणाचे असे कारण नसताना तीच नाती रुळली. मराठीत ‘पेशी’ स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘कन्यापेशी’ सहज बसली, तर ‘जन्यपेशी’ने नातेच काढून टाकले. हे दुसरे रूप कोरडे वाटते, पण प्रामाणिक आहे: लेकी जन्मल्यावर आई मागे उरत नाही आणि मेलेलीही नसते, असे नाते कोणत्याही कुटुंबात नाही. वाइसमानला याच वस्तुस्थितीने एकपेशीय जीवांच्या अमरत्वाच्या विचाराकडे नेले होते. ‘पेशी’ हा शब्द सुश्रुतसंहितेत स्नायूच्या अर्थाने येतो, आणि गर्भाच्या दुसऱ्या महिन्यात कन्येची खूण मानलेल्या आकारासाठीही. हिंदीने स्नायूचा अर्थ राखला आणि नव्या अर्थासाठी ‘कोशिका’ घेतली; मराठी विश्वकोशानेही ‘कोशिका’ स्वीकारली. मराठी वर्गांत आणि बोलण्यात मात्र पेशीच राहिली.

राहता राहिला अवस्थांचा क्रम. एदुआर्द स्ट्रासबुर्गर याने १८८४ साली ‘प्रोफेज’, ‘मेटाफेज’ आणि ‘ॲनाफेज’ ही नावे दिली. १८९४ मध्ये हायडेनहाइनने ‘टेलोफेज’ जोडले. ‘मेटा’ या ग्रीक उपसर्गाचा येथला अर्थ नंतरचा. मराठीने त्याला ‘मध्यावस्था’ म्हटले; उपसर्ग भाषांतरित न करता स्थान भाषांतरित केले. त्यामुळे पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था अशी आदी, मध्य आणि अंत असलेली एक सुघटित कथा तयार झाली, जी ॲरिस्टॉटलच्या ‘पोएटिक्स’ला मान्य व्हावी. त्यातही ‘अवस्था’ हा शब्द नाट्यशास्त्राचा: प्रारंभापासून फलागमापर्यंत नायकाच्या कार्याच्या पाच अवस्था भरताने सांगितल्या आहेत. मराठी विद्यार्थी पेशीविभाजन पाठ करतो तेव्हा कळत नकळत एक नाटक पाठ करतो. पडदा उघडतो, केंद्रकाचे आवरण विरते, पात्रे मध्यरेषेवर येतात, दोन बाजूंना पांगतात, पडदा पडतो.

ग्रीक ‘फासिस’ मात्र अवस्था नव्हे. दिसणे या धातूपासून तो आला. चंद्रकलेसाठी तो वापरला जातो तो याच अर्थाने. चंद्राची कला म्हणजे चंद्राची स्थिती नसून आपल्याला होणारे त्याचे दर्शन. स्ट्रासबुर्गरची नावे ही सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते त्याची नावे होती. दोन विभाजनांच्या दरम्यान काहीच दिसत नसे. केंद्रकात धागे नाहीत, हालचाल नाही. त्याला जर्मनांनी ‘विश्रांत केंद्रक’ म्हटले आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून ही विश्रांती अनेक दशके शिकविली गेली. येथे कसोटीची दुसरी बाजू दिसते. ‘धागा’ या शब्दाने दाखविले. ‘विश्रांती’ या शब्दाने पाहू दिले नाही. जे दिसत नाही ते घडत नाही, असे त्या शब्दाने ठरवून टाकले. मानवी पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या तर साधारण चोवीस तासांच्या चक्रात विभाजनाचे नाटक जेमतेम एक तासाचे असते. उरलेले तेवीस तास विश्रांतीच्या खाती मांडले गेले होते.

१९५३ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ॲल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी व्हिसिया फाबा या शेंगवर्गीय वनस्पतीच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस देऊन डीएनए नेमका केव्हा तयार होतो याचा माग काढला. तो विभाजनाच्या दृश्यात तयार होत नव्हता. ‘विश्रांती’च्या काळात, तिच्या मधल्या एका ठरावीक भागात, तो दुप्पट होत होता, धागे दिसू लागण्याच्या कितीतरी आधी त्यांची जोडी बनून झालेली असे. त्या भागाला त्यांनी संश्लेषणावरून ‘एस’ हे अक्षर दिले. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या काळात काय चालते ते त्यांच्या पद्धतीला दिसत नव्हते. म्हणून त्यांना ‘जी-१’ आणि ‘जी-२’ म्हटले. ‘जी’ म्हणजे ‘गॅप’, खंड. पेशी याच काळात वाढते, आपली प्रथिने तयार करते, पुढे विभागायचे की नाही याचा निर्णय करते आणि उतरलेली प्रत तपासते, हे पुढच्या दशकांत उलगडत गेले. अक्षर मात्र बदलले नाही.